शक्तीपेक्षा पारख

गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध शेजारीपाजारी वाटलं जातं. पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारं. हा चीक. त्यात थोडं साधं दूध मिसळायचं, गूळ चिरून घालायचा, वेलदोडा-जायफळ लावायचं आणि कुकरला शिटी न लावता वाफवायचं. अर्ध्या तासात खरवस तयार. सुरी फिरवली की वड्या पडतात. यात विरजण नाही, चायना ग्रास नाही, अंडं नाही. नुसत्या दुधात गूळ घालून ते कितीही वाफवलं तरी त्याची वडी पडत नाही. मग चीकच का धरतो?

तो धरतो प्रथिनांमुळे. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक जसा गोठतो, तशीच चिकातली प्रथिनं वाफेने गोठतात. आणि या प्रथिनांत मोठा वाटा असतो प्रतिपिंडांचा, म्हणजे ज्यांना आता सगळेच अँटीबॉडी म्हणतात त्यांचा. गाईच्या चांगल्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅमहून जास्त प्रतिपिंड असतात. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंड जवळजवळ नसतातच, कारण गाईच्या वारेतून ते पलीकडे जाऊ शकत नाहीत. जन्मानंतरचे काही तास मात्र वासराच्या आतड्याला ही मोठमोठी प्रथिनं अख्खीच्या अख्खी शोषून घेता येतात. दिवसभरात ही वाट बंद होते. म्हणून जाणता गवळी वासराला आधी चीक पाजतो आणि उरलेला घरात नेतो. खरवस खाणाऱ्याला त्यातून कसलंही संरक्षण मिळत नाही. शिजलेले प्रतिपिंड हे निव्वळ प्रथिन. तो चवीसाठी खावा.

माणसाच्या बाळाचं थोडं वेगळं आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातले प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात. पूर्ण दिवसांचं बाळ ही शिदोरी घेऊनच येतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी अर्धवट बांधलेली असते. आईच्या चिकातून जे प्रतिपिंड मिळतात ते वेगळ्या जातीचे. ते रक्तात जात नाहीत, आतड्याच्या अस्तरावर पसरतात आणि जंतूंना तिथे बूड टेकू देत नाहीत. हे पहिलं दूध 'जड' म्हणून पिळून टाकायची रीत अनेक घरांत होती. बाळाच्या वाट्याचं होतं नव्हतं ते मोरीत जात होतं.

उसनी मिळालेली ही शिदोरी आणि बाळ पुढे स्वतः कमावतं ती पुंजी, या दोहोंतला फरक ज्याला कळला त्याला या विषयाचं अर्धं दार उघडलं. उरलेलं अर्धं दार एका शब्दाने अडवून धरलंय. तो शब्द म्हणजे 'रोगप्रतिकारशक्ती'.

शब्द चांगला आहे, रुळलेलाही आहे. घोळ केला तो त्यातल्या 'शक्ती'ने. शक्ती म्हटली की ती कमी-जास्त होणार, वाढवता येणार, आणि वाढवता येते म्हणजे बाटलीत भरून विकताही येणार. २०२० च्या उन्हाळ्यात घरोघरी काढे उकळत होते. चूर्णं, सरबतं, गोळ्या, सगळ्यांच्या वेष्टणांवर 'इम्युनिटी' हा शब्द छापला जात होता. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या कोरोनाच्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिलं तर मृत्यू कमी होतात, असा तो निकाल होता. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याचं काम प्रतिकारयंत्रणेला आवर घालण्याचं. म्हणजे घरात लोक ती वाढवायला काढा पीत होते आणि अतिदक्षता विभागात डॉक्टर तीच आवरायला धडपडत होते. दोन्हीकडे शब्द एकच होता.

ज्याची ही 'शक्ती' बेसुमार होते त्याला दमा होतो, आमवात होतो, शेंगदाण्याच्या एका दाण्याने घसा सुजून जीव जायची वेळ येते. कुपोषण, जागरणं, मोकाट सुटलेला मधुमेह यांनी ही यंत्रणा ढासळते हे खरंच. पण पोटभर जेवणाऱ्या माणसाने वर आणखी काही प्यायलं म्हणून ती धारदार होत नाही. तिचं खरं काम बळाचं नाहीच, पारखीचं आहे. आपलं कोण, परकं कोण. परक्यांतलं निरुपद्रवी कोण, घातक कोण. आणि हा आधी कधी येऊन गेला होता का? सराफाच्या पेढीवर दिवसभर हेच चालतं, फक्त इथे गिऱ्हाईक सेकंदाला लाखोंनी येतं.

त्यातल्या बहुतेकांना उंबऱ्याबाहेरूनच परत जावं लागतं. कातडीच्या वरच्या मेलेल्या थराची सतत पापुद्र्यांनी गळती चालते आणि तिच्यावर बसलेले जंतूही त्याबरोबर जातात. श्वासनलिकेतल्या शेंबडाचा थर बारीक लोमांच्या लाटेवर घशाकडे सरकत राहतो. तो नकळत गिळला जातो आणि जठरातल्या आम्लात पडतो. अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटलं की सगळ्यांना पेनिसिलिन आठवतं. त्याच्या काही वर्षं आधी, १९२१ मध्ये, सर्दी झालेली असताना याच गृहस्थाने आपला शेंबूड जंतू वाढवलेल्या बशीत टाकून पाहिला. जंतू विरघळले. हे द्रव्य अश्रूंतही सापडलं, आणि मग प्रयोगशाळेतल्या मंडळींच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा करण्याचा उद्योग सुरू झाला. लायसोझाइम हे त्या द्रव्याचं नाव.

उंबरा ओलांडला जातो तो काट्याने.

समजा, बांधावरून चालताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. काट्याच्या टोकावर माती, मातीत जंतू. कातडीखाली आधीपासून मुक्काम ठोकून बसलेल्या काही पेशी असतात. भक्षकपेशी म्हणतात त्यांना, इंग्रजीवरून मॅक्रोफेज. त्यांना या जंतूचं नावगाव माहीत नसतं. पण जंतूंच्या कवचात काही रेणू असे असतात, जे माणसाच्या कुठल्याही पेशीत सापडत नाहीत. तेवढी ढोबळ खूण त्यांना जन्मजात कळते. खूण पटली की त्या जंतूला गिळायला लागतात आणि रासायनिक आरोळी ठोकतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात. टाच लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात हीच चार लक्षणं लिहून ठेवली होती. काटा दुखतो असं आपण म्हणतो खरं, पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं काट्याचं कमी आणि आपल्याच यंत्रणेच्या कामाचं जास्त असतं.

आणखी काही तासांनी तिथे न्यूट्रोफिलची रीघ लागते. या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात दिवसाला सुमारे १०,००० कोटींच्या हिशेबाने तयार होतात आणि फार तर थोडे दिवस जगतात. जंतू गिळतात, त्यांच्यावर जाळणारं विष ओततात आणि स्वतःही मरतात. पिवळा पू म्हणजे प्रामुख्याने त्यांचीच प्रेतं.

काट्याभोवती काय जमतं हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. १८८२ साल, सिसिलीतलं मेसिना हे बंदर. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. हा एकटा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या अळ्या न्याहाळत बसला होता. अळ्या पाण्यासारख्या पारदर्शक, आत फिरणाऱ्या पेशी स्वच्छ दिसत होत्या. त्याच्या मनात आलं, की या पेशी रक्षणाचं काम करत असतील तर काट्याभोवती त्या जमायला हव्यात. उठला, बागेतून गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली खोचले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर काट्याला पेशींनी वेढा घातलेला. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखसोबत वाटून मिळालं. दोघांची मतं मात्र एकमेकांच्या विरुद्ध. मेचनिकॉफ म्हणे, गिळणाऱ्या पेशी तारतात. एर्लिख म्हणे, रक्तात विरघळलेले प्रतिपिंड तारतात. नोबेलवाल्यांनी भांडणाचा निकाल न देता बक्षीस दोघांत विभागलं, आणि गंमत म्हणजे तेच बरोबर ठरलं.

टाचेकडे परत येऊ. दोन दिवसांनी जांघेत गाठ हाताला लागते. घरातलं म्हातारं माणूस पाय न बघताच सांगतं, "अवधाण आलंय, पायाला कुठे लागलंय का बघ." हे निदान अगदी अचूक. टाचेतल्या जंतूंचे तुकडे पाठीवर घेऊन काही पेशी लसिकावाहिन्यांतून जांघेतल्या गाठीपर्यंत चालत येतात. डेंड्रायटिक पेशी त्यांचं नाव. गाठीत लाखो पांढऱ्या पेशी दाटीने बसलेल्या असतात आणि आणलेला तुकडा त्यांना एकेक करून दाखवला जातो. हा कुणाच्या ओळखीचा? ज्या मोजक्या पेशींना तो जुळतो त्या फुगतात, विभागतात, एकीच्या हजारो होतात. गाठ सुजते ती या वाढीने. राल्फ स्टाइनमन यांनी या डेंड्रायटिक पेशी शोधल्या. २०११ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांचं निधन होऊन तीन दिवस झाले होते आणि समितीला ते ठाऊक नव्हतं. मरणोत्तर बक्षीस न देण्याचा नियम असूनही ते कायम ठेवलं गेलं.

न पाहिलेल्या जंतूला जुळणारी पेशी आधीपासून तयार कशी असते, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न. माणसाची एकूण जनुकं २०,००० च्या आसपास, आणि प्रतिपिंडांचे संभाव्य आकार अब्जावधी. प्रत्येक आकाराला एक जनुक द्यायचं तर हिशेब जुळतच नाही. सुसुमु तोनेगावा यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशी घडताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडले जातात, आणि प्रत्येक पेशीत वेगळे. पत्ते पिसून वाटावेत तसे. अंगातल्या बाकी पेशी आईबापांकडून आलेला मजकूर जपून ठेवतात. या पेशी तो कापून टाकतात. डाव बहुतेक वेळा फुकट जातो. ज्या पेशीचे पत्ते कुठल्याच जंतूला जुळत नाहीत ती काही न करता मरून जाते. पण काट्यावरचा जंतू आला की कुणाच्या तरी हातात जुळणारे पत्ते निघतात.

पिसलेल्या पत्त्यांत एक धोका उघड आहे. काही पेशी स्वतःच्याच शरीराला जुळणार. त्यांचं काय? या प्रश्नाचं उत्तर छातीच्या हाडामागच्या एका मऊ ग्रंथीत दडलं होतं. तिचं नाव थायमस. मराठी परिभाषेत 'यौवनलोपी ग्रंथी', कारण वयात आल्यावर ती विरत जाते. १९६० पर्यंत डॉक्टर तिला बिनकामाची समजत होते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली. उंदीर साध्या संसर्गांनी खंगले आणि परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर रुजली. शरीराला ती परकी वाटलीच नाही. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची परीक्षा या ग्रंथीत होते. स्वतःच्या शरीरावर उठणारी पेशी नापास, काहीच न ओळखणारीही नापास. शंभरातल्या जेमतेम दोन-चार उत्तीर्ण होतात. नापास झालेल्यांना फेरपरीक्षा नाही, त्या तिथेच मरतात. इतकी कठोर चाळणी शरीरात दुसरी नसेल.

बी-पेशींचा 'बी' कोंबडीच्या शेपटीजवळच्या एका पिशवीवरून आला, हे कळलं की इंग्रजी अक्षरांचा धाक उरत नाही. ओहायोत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी या पिशवीवर, बर्सावर, काम करत होता. त्याच्या एका सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिकच्या, बर्सा काढलेल्या, कोंबड्या नेल्या. त्यांना जंतू टोचले तरी त्यांच्या रक्तात प्रतिपिंड तयार होईनात. प्रात्यक्षिक फसलं, शोध लागला. नामांकित नियतकालिकाने हा लेख नाकारला, म्हणून १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला आणि काही वर्षं कुणाच्या लक्षातही आला नाही.

विषाणूंच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. ते पेशीच्या आत शिरून बसतात, तिथे प्रतिपिंड पोहोचत नाहीत. म्हणून शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचे बारीक नमुने पृष्ठभागावर मांडून ठेवते. फिरती टी-पेशी ते हुंगून जाते. नमुन्यात विषाणूचा तुकडा दिसला की ती त्या पेशीलाच मारते, विषाणूसकट. घर जाळून चोर पकडण्याचा हा प्रकार, आणि कावीळ 'ब'मध्ये यकृताचं बरंचसं नुकसान होतं ते विषाणूमुळे नव्हे, या जाळपोळीमुळे.

ओळख पटल्यावर उरते ती आठवण. तिचा सर्वांत सुरेख पुरावा उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मिळाला. १८४६ मध्ये तिथे गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. तो बोटीने गावोगाव फिरला आणि घरोघरी विचारपूस केली. त्याला आढळलं की तरणेताठे लोक धडाधड पडले, पण काही म्हातारी माणसं ठणठणीत होती. बेटांवर यापूर्वी गोवर आला होता १७८१ मध्ये. तेव्हा लहानपणी ज्यांना तो झाला होता त्यांना पासष्ट वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही. मधल्या काळात बेटावर गोवर नव्हताच, त्यामुळे ही आठवण कुणी ताजी करून दिली असंही नाही.

आजार न होता आठवण तयार करायची, ही लसीची सगळी कल्पना. एडवर्ड जेन्नरने मे १७९६ मध्ये गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव एका मुलाच्या दंडात घातला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तसाच द्रव मुंबईत कसा आला, ते सहसा सांगितलं जात नाही. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. म्हणून एकाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, असं करत तो बगदाद, बसरा या वाटेने आला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो टोचला गेला. भारतात देवीची लस पहिल्यांदा धरली ती तिच्या दंडावर. जखमेतून पाझरणाऱ्या चिकट पाण्याला मराठीत लस म्हणतात. अ‍ॅनाच्या फोडातून पुण्या-मद्रासकडे जे गेलं ती या अर्थाने अक्षरशः लसच होती. जगातून देवी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं १९८० मध्ये. साठीच्या आसपासच्या माणसांच्या दंडावर तिच्या लसीचा गोल व्रण अजून दिसतो.

मुंबईचा दुसरा अध्याय गाठीचा. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला. त्याला त्या काळच्या वर्तमानपत्रांत 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत, आणि हे नाव शास्त्राला धरून आहे. पिसवेने पायाला चावून सोडलेला जंतू जांघेतल्या गाठीत पोहोचतो, पण तिथे मरायच्या ऐवजी वाढतो. अवधाणासारखीच गाठ, पण हिच्यात जंतूंचीच पैदास. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईत बोलावलं. ओडेसाचे, मेचनिकॉफचे विद्यार्थी. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्याला लोंबून पारंब्यांसारखे खाली वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते उष्णतेने मारायचे आणि टोचायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतलं, ताप सोसला. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचलं. पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले आणि हाफकिनवर बालंट आलं. पुरावा गावात बाटली उघडताना झालेल्या हयगयीकडे बोट दाखवत होता. त्यांचं नाव स्वच्छ व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

याच परळमध्ये घोड्यांना सापाचं विष थोडंथोडं टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिसर्पविष तयार होऊ लागलं. नाग किंवा घोणस चावलेल्या शेतकऱ्याला सलाइनमधून मिळतात ते घोड्याचे प्रतिपिंड. ते विषाला बांधून टाकतात, जीव वाचतो आणि काही दिवसांत ते संपून जातात. वासराच्या चिकासारखीच ही उसनवारी. त्याच माणसाला पुढच्या पावसाळ्यात साप पुन्हा चावला तर पुन्हा सलाइनच लावावं लागतं.

पारख चुकते तेव्हा काय होतं, हे पुणेकरांनी जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या परिसरात एकामागून एक माणसं जुलाब होऊन बरी झाली आणि आठ-दहा दिवसांनी त्यांचे पाय लुळे पडायला लागले. जिना चढवेना, पेला धरवेना, काहींना व्हेंटिलेटर लागला. गिया-बारे सिंड्रोम हे नाव रातोरात रिक्षावाल्यांनाही पाठ झालं. संशयित रुग्ण दोनशेवर गेले. अनेकांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू आढळला. या जंतूच्या कवचावरची शर्करायुक्त नक्षी आणि माणसाच्या चेतातंतूंच्या आवरणावरची नक्षी यांत विलक्षण साम्य असतं. जंतूसाठी घडवलेले प्रतिपिंड जंतू संपल्यावर चेतातंतूंना जाऊन चिकटतात. जंतू तोतया निघाला आणि पारखी फसला. उपचारात जे महागडं इंजेक्शन द्यावं लागत होतं, तेही हजारो रक्तदात्यांचे गोळा केलेले प्रतिपिंडच.

असल्या चुका सगळ्यांच्या शरीरात रोज का होत नाहीत? थायमसच्या चाळणीतून निसटलेल्या पेशींवर लक्ष ठेवणाऱ्या, त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशी असतात म्हणून. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. शरीराने सैन्य उभारलं आहे असं म्हणणाऱ्या पुस्तकांत या पेशी नीट बसत नाहीत. सैन्याच्या निम्म्या कथा हल्ल्याच्या असतात. इथे निम्मं शहाणपण हल्ला न करण्यात आहे.

पारखीचा हट्टही काही वेळा नडतो. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असा रक्तगट शोधला की ज्याच्या माणसाला 'ओ' गटाचंही रक्त चालत नाही. बाकी सगळ्यांच्या लाल पेशींवर असलेली 'एच' ही पायाभूत खूण या माणसांत नसते, त्यामुळे त्यांच्या प्रतिपिंडांना ती परकी वाटते. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव जगभरच्या रक्तपेढ्यांत आजही चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो आणि त्याला रक्त लागलं की शेकडो किलोमीटरवरून दाता शोधावा लागतो.

पलीकडची बाजूही मुकी नाही. क्षयाचा जंतू भक्षकपेशीच्या पोटात जातो आणि ज्या पिशवीत पाचकरस ओतले जायचे तिचं तोंडच बंद करतो. गिळणाऱ्याच्या घरातच त्याचं बिऱ्हाड. शरीर मग त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडतं. असा कोंडलेला जंतू घेऊन जगातली सुमारे पाव लोकसंख्या वावरते आणि त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी क्षय होतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू दर वर्षी पोशाख बदलतो.

सर्वांत वाईट खोडी गोवराची. त्याला लोक अजून 'सगळ्या मुलांना येतोच' म्हणून सोडून देतात, दारात कडुलिंब बांधतात. हा विषाणू आठवण धरणाऱ्या पेशींतच शिरतो आणि त्यांना मारतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं. त्यांचे आधीच्या आजारांविरुद्धचे ११ ते ७३ टक्के प्रतिपिंड नाहीसे झाले होते. पुरळ गेलं, ताप उतरला, मूल खेळायला लागलं. पण त्याने चार-पाच वर्षांत कमावलेली ओळख पुसली गेली. लसीतला दुबळा विषाणू असं करत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

बाळाला जन्मतःच ही लस का देत नाहीत, तर आईकडून आलेले प्रतिपिंड लसीतल्या विषाणूला आधीच गाठून निकामी करतात. शिदोरी संपत आली की लस धरते. म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. घरातल्या लहान मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढून हे दोन रकाने बघावेत. रिकामे असतील तर जवळच्या सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते.